वरवंटाचोराच्या शेजारची जागा

दगड फुटू नये म्हणून मी तो तांदळात पुरून ठेवला होता. हा मूर्खपणा आधीच सांगून टाकते, म्हणजे वरवंटा कुठं गेला असेल या चिंतेनं कुणी जीव टांगून वाचत बसणार नाही. वरवंटा तांदळाच्या पिंपात होता. मीच ठेवला होता, दोन्ही हातांनी, वरून तांदूळ सारखे करून. भिंतीवरचं काचेचं घड्याळ मात्र तसंच उघडं, टेंपोच्या कोपऱ्यात, अंगावर साधी चादरही नाही. ते फुटलं. फुटणारच. त्याबद्दल मी कुणाला एक शब्द बोलले नाही. पण न हरवलेल्या वरवंट्यासाठी मी एका टेंपोवाल्याच्या मागं हात धुऊन लागले, आणि तेही असं की त्याच्या सात पिढ्यांनी लक्षात ठेवावं.

तेव्हा मी साठीची होते. आता अडुसष्टाव्या वर्षी मागं वळून बघते तेव्हा ती साठीची पोरगी मला फार उथळ वाटते. तापट, नटवी आणि स्वतःला अतिशहाणी समजणारी. आज रस्त्यात भेटली तर कान उपटीन तिचे.

पालघरच्या भाड्याच्या दोन खोल्या सोडून मी बोईसरला मुलाकडं कायमची राहायला निघाले होते. मुलगा तारापूरच्या कारखान्यात कामाला. सून पहिल्या बाळंतपणासाठी सफाळ्याला माहेरी गेलेली, आणि नुकताच मला नातू झालेला. सव्वा महिन्यानं मायलेकरं बोईसरला येणार, मग बारसं. आमच्या घरात बारशाला पाळण्यात आधी बाळ जात नाही, वरवंटा जातो. त्याला न्हाऊ घालायचं, कुंची घालायची, तीट लावायची, पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या'. बाळ दगडासारखं टणक व्हावं म्हणून. माझा नवरा ज्या वरवंट्यामागून पाळण्यात गेला त्याच्याच मागून माझा मुलगा गेला. नवरा देवाघरी गेला, वरवंटा राहिला. पालघरहून निघताना मला बाकी सामानाची फिकीर नव्हती. वरवंटा नीट पोचायला हवा होता. म्हणून तो तांदळात. बारशाच्या जेवणासाठी जपून ठेवलेला वाड्याचा जुना कोलम होता तो, बारशापर्यंत पिंप उघडायचंच नव्हतं. आणि नंतरच्या तीन दिवसांच्या बांधाबांधीत, घरमालकिणीशी केलेल्या भांडणात, रडण्यात आणि पुन्हा बांधाबांधीत मी ते साफ विसरून गेले.

टेंपोवाला उमरोळीचा. माझ्याच वयाचा, अंगानं शिडशिडीत, मिशीला काळा रंग लावलेला. केसांना मात्र नाही, ते पांढरेच. मिशी आणि डोकं दोन वेगळ्या माणसांची असावीत असं वाटायचं. सामान चढवताना त्यानं मला विचारलं, "आजी, तुमी कुठं बसणार?"

आजी! नातू झाला होता हे खरं. पण ते याला कोणी सांगितलं?

बोईसरला सामान उतरलं. पाटा उतरला. वरवंटा नाही. मी टेंपोच्या मागच्या फाळक्याजवळ उभी राहून आतलं रिकामं लाकूड बघितलं, ताडपत्री उलटीपालटी करून बघितली, दोन्ही हमालांच्या पिशव्या बघितल्या. मग टेंपोवाल्याकडं वळले.

"माझा वरवंटा कुठाय?"

"मना काय ठाव?"

"पाटा आला, वरवंटा नाही. पाटा एकटा चालत आला का?"

तो हसला. सगळ्या बिल्डिंगीसमोर हसला. म्हणाला, "अवो बाय, तुमचा वरवंटा चोरून मी काय चटण्या वाटत बसू? घरात खानारा मी एकटा."

'आजी'वरून 'बाय'वर आला होता हे त्या वेळी माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते फक्त हसणं. त्याच संध्याकाळी सफाळ्याहून विहीणबाईंचा फोन आला. मुलानं बातमी पोचवलेलीच होती, त्याच्या पोटात काही राहत नाही.

"वरवंटा हरवला म्हणे तुमचा?" आवाजात दुःख इतकं की मागं पेढे वाटत असाव्यात. "जाऊ द्या हो, विहीणबाई. माझा आहे ना. ग्रॅनाइटचा, गुळगुळीत. बारशाला मीच घेऊन येते. तुम्ही अगदी निश्चिंत राहा."

निश्चिंत! माझ्या नातवाच्या पाळण्यात सफाळ्याचा ग्रॅनाइट! आमच्या घराण्याचा पोरगा दुसऱ्याच्या दगडामागून पाळण्यात जाणार, आणि ती बाई जन्मभर ते ऐकवणार. मुंजीत ऐकवेल, लग्नात ऐकवेल, माझ्या तेराव्याला जेवताना ऐकवेल. मला माझा वरवंटा बारशाच्या आत परत हवा होता, आणि तो ज्यानं नेला त्याला मी सोडणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातली प्लास्टिकची खुर्ची उचलली, लसणाची पिशवी घेतली आणि नाक्यावरच्या टेंपो स्टँडवर त्याच्या गाडीसमोर जाऊन बसले. कारखान्यांच्या बसगाड्या धूळ उडवत जात होत्या, हवेत तो नेहमीचा औषधी वास, आणि मी लसूण सोलत बसलेली. गिऱ्हाईक आलं की मान वर न करता म्हणायचं, "सामान मोजून द्या हो. इथं वरवंटे चोरतात."

पहिलं गिऱ्हाईक गेलं. दुसरं गेलं. मला लसणाच्या पाकळीसारखं शुभ्र समाधान वाटत होतं. तो शेजारच्या टपरीवरून दोन चहा घेऊन आला, एक माझ्या खुर्चीच्या हातावर ठेवला.

"कवापर्यंत बसणार हाव?"

"वरवंटा मिळेपर्यंत."

"मंग सावलीत तरी बसा. ऊन येल तुमच्यावर."

मी खुर्ची हलवली नाही. ऊन आलं. डोकं दुखलं. दुसऱ्या दिवशी खुर्ची सावलीत ठेवली, पण ती माझ्या स्वतःच्या विचारानं.

घात केला तो एका गिऱ्हाइकाच्या बायकोनं. नवरा-बायको घर बदलत होते. मी माझं ठरलेलं वाक्य टाकलं. ती बाई क्षणभर विचारात पडली आणि म्हणाली, "मग मावशी, तुम्हीच चला ना सोबत. आमच्या सामानावर नजर ठेवा. आमच्याकडं पण वरवंटा आहे."

टेंपोवाल्यानं केबिनचं दार उघडून धरलं. तोंडावर इतका साळसूद भाव की मला तिथंच त्याची मिशी उपटावीशी वाटली. पण आता मागं हटले असते तर स्टँडवर हसं झालं असतं. चढले. म्हणजे, गुडघ्यांनी दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा चढले. त्या बाईनं घरातले देव ताटात घालून माझ्या मांडीवर दिले. घर हलवताना देव मागं सामानात टाकत नाहीत, पुढं माणसाच्या मांडीवर बसून जातात. आजवर ते त्या त्या घरातल्या बाईच्या मांडीवर जायचे. त्या दिवसापासून बोईसरातले निम्मे देव माझ्या मांडीवर बसून घर बदलू लागले.

झालं असं की नाक्यावर बातमी पसरली. या टेंपोत सामानावर नजर ठेवणारी बाई असते, काही हरवत नाही. ज्याचा धंदा बसवायला मी खुर्ची घेऊन गेले होते त्याला माझ्यामुळं रोज सामान वाहायच्या भाड्याची वर्दी मिळू लागली. सूड घ्यायची इतकी बावळट तऱ्हा मी दुसरी पाहिली नाही.

पण मी हार मानणारी नव्हते. मी लहान लहान उट्टी काढायला सुरुवात केली. तो आणि दोन हमाल मिळून कपाट तिसऱ्या मजल्यावर चढवायचे, घाम पुसत भिंतीला लावायचे, आणि मी घरातल्या बाईच्या कानाशी लागायचे, "इकडं तोंड? अगं, कपाटाचं तोंड उत्तरेला हवं. लक्ष्मी टिकत नाही नाही तर." की कपाट पुन्हा उचललं जायचं. मग मी दारात उभी राहून त्याच्या मानेवरच्या फुगलेल्या शिरा बघायचे. मला वास्तुशास्त्रातलं काडीचं कळत नाही. एका घरात तर मी पलंग दोनदा फिरवायला लावला आणि शेवटी पहिल्याच जागी आणून ठेवला.

त्यानं वचपा काढला. एका वर्दीला तो त्या घरातल्या बाईला म्हणाला, "मांजर सामानात नका टाकू, ताई. आमच्या बाय हायेत ना, मांडीवर घेतील. लय माया हाय त्यांना जनावरांची." बोईसर ते पालघर एक बोका पिशवीतून माझ्या पोटाला नखं लावत होता आणि हा शिट्टी वाजवत गाडी चालवत होता. दुसऱ्या दिवशी मी बोंबलाच्या सुकटीची पुडी त्याच्या सीटखाली सरकवली. भर उन्हात. त्यानं ती दुपारी शोधून काढली, भाकरीबरोबर खाल्ली आणि विचारलं, "उद्या बोंबलाऐवजी सुका कोलीम आना ना, बाय."

हमालांपैकी एकानं एकदा घात केला. "भाभीजी, ये अलमारी किधर रखनी है?"

"मी भाभी नाही," मी ओरडले, "मी फिर्यादी आहे!"

हमाल भाबडेपणानं टेंपोवाल्याला म्हणाला, "भैया, फिर्यादी बोले तो छोटी बहन?" टेंपोवाला खाली बसून हसला. कपाटाची एक बाजू धरायची सोडून.

आणि माझं काय चाललं होतं? सांगते, लाज वाटली तरी सांगते. मी रोज सकाळी अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळत होते. चोरावर नजर ठेवायला अबोली लागते का? कपाळाला पावडर लागते का? मुलानं एकदा विचारलं, "आई, स्टँडवर जायला इस्त्रीची साडी?" मी म्हणाले, "शत्रूपुढं गबाळं जायचं नसतं." मला ते उत्तर त्या वेळी फार बाणेदार वाटलं होतं.

अशातच एका दुपारी तांदळाला किडे लागलेत का बघावं म्हणून मी पिंप उघडलं आणि हात आत घातला. कोपरापर्यंत गेला आणि बोटांना काहीतरी गार, गोल, ओळखीचं लागलं.

मी तशीच बसून राहिले. हात तांदळात, बोटं वरवंट्यावर. पहिला विचार चांगल्या बाईला शोभणारा यायला हवा होता, की धावत जाऊन त्या माणसाची माफी मागावी. तो आला नाही. पहिला विचार आला: आता उद्या कुठल्या तोंडानं केबिनमध्ये बसणार? चोरीच नाही तर नजर कशाची? आणि लगेच दुसरा: ग्रॅनाइटवाली. वरवंटा लपवावा तर विहीणबाई जिंकतात. काढावा तर ती जागा जाते. मी वरवंट्यावर तांदूळ पुन्हा सारखे केले आणि झाकण लावलं. आणि त्या झाकणावर बसून मी एक डाव रचला, तो इतका नीच होता की आजही त्याचं थोडं कौतुक वाटतं.

वरवंटा पिशवीत घालायचा. टेंपोत सीटमागं ताडपत्रीच्या घडीत सरकवायचा. आणि बारशाच्या आदल्या दिवशी चारचौघांत तो 'सापडायचा'. नातवाला वरवंटा मिळाला, विहिणीचा ग्रॅनाइट परत, मी खोटी ठरले नाही, आणि तो चोर ठरला. चोरावर तर आणखीच कडक नजर ठेवायला हवी. म्हणजे जागाही शाबूत. एका दगडात किती पक्षी!

दुसऱ्याच दिवशी घिवलीकडची वर्दी होती. मी पिशवी घेऊन गेले. केबिनमध्ये चढताना नेहमीप्रमाणं गुडघे अडले, तर त्यानं पुढं होऊन माझ्या हातातली पिशवीच घेतली. हात एकदम खाली गेला त्याचा.

"काय आनलंय, बाय? दगड?"

"हो. दगडच आणलाय. तुमच्या डोक्यात घालायला."

तो हसला आणि पिशवी अलगद माझ्या पायाशी ठेवली.

घिवलीत सामान उतरवून झाल्यावर हमाल खाडीकडं हातपाय धुवायला गेले. त्यानं कुठूनतरी ताडगोळे आणले. एकेक सोलून, पाणी न सांडता, पानावर माझ्यापुढं ठेवत गेला. मी म्हणाले, "ही लाच आहे. मी घेणार नाही." मग विचार केला की पुरावा नष्ट करणंच बरं, आणि सगळे खाल्ले.

तो सोलता सोलता म्हणाला, "ही जी जागा हाय ना, तुमी बसता ती. तिथं माजी बायको बसायची. लोकांचं देव तीच घ्यायची मांडीवर. ती गेली त्याच्यानंतर कुनाला बसवलं नाय. हमालाला पन नाय. देव आमी मंग मागंच टाकायचो, चादरीत गुंडाळून. बरं नाय वाटायचं."

मी पायाशी पिशवी दाबून धरली होती. ताडपत्रीची घडी माझ्या मागं हातभर अंतरावर होती आणि तो पाठमोरा होऊन पानं गोळा करत होता. याहून चांगली संधी कुणाला मिळते? माझा हात पिशवीत गेला, वरवंट्यावर बसला आणि तिथंच राहिला. पोटात ताडगोळे आणि मनात चोरी, असं काही जमेना. वरवंटा जसा गेला तसा घरी परत आला आणि तांदळात गेला. मी स्वतःवर इतकी चिडले होते की त्या रात्री जेवले नाही. माणसानं एक धड सूड तरी घ्यावा!

बारशाचा दिवस आला. सून आणि बाळ मुलाबरोबर आधीच पोचले होते. सुनेचा माहेरचा लाकडी पाळणा मात्र टेंपोतून यायचा होता, आणि कुठला टेंपो हे वेगळं सांगायला नको. घरी पाहुणे असल्यामुळं मला त्या दिवशी सोबत जाता आलं नव्हतं. मी गॅलरीत उभी होते. टेंपो आला. केबिनचं दार उघडलं. माझ्या जागेवरून विहीणबाई उतरल्या.

माझ्या जागेवरून. मोरपंखी साडी, मांडीवर फडक्यात गुंडाळलेला ग्रॅनाइट. आणि त्या हसत होत्या. तोही हसत होता. त्यानं त्यांना उतरायला हात दिला, ज्या हातानं तो मला द्यायचा.

वर येऊन त्या म्हणाल्या, "अहो विहीणबाई, किती सभ्य माणूस आहे तुमचा तो चोर! सफाळ्यापासून सगळा रस्ता हसवत आणलं हो मला. आणि हा घ्या वरवंटा. आता तुमची काळजी मिटली."

त्या क्षणी मला कोण जास्त नकोसं झालं ते आजही सांगता येत नाही. ती की तो. दोघांचंही एकदमच उट्टं काढायचं होतं आणि हाताशी एकच हत्यार होतं. तो पाळणा घेऊन दारात उभा होता, दोरी खांद्यावर. घरात बायका जमलेल्या, बाळ सुनेच्या मांडीवर, विहीणबाई आपल्या ग्रॅनाइटला कुंची घालायला लागलेल्या. मी पदर खोचला, सरळ स्वयंपाकघरात गेले, पिंप ओढत दिवाणखान्याच्या मधोमध आणलं, झाकण फेकलं आणि सगळ्यांसमोर दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. वरवंटा बाहेर काढला. तांदूळ फरशीवर सांडले.

"हा आमचा वरवंटा," मी म्हणाले. "आमच्या घराण्याचा. तुमचा घरी न्या आणि चटणी वाटा."

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. "अगंबाई! म्हणजे चोर तांदळातच होता की!" आणि ज्या हसायला लागल्या, त्यांच्यामागं सगळ्या बायका. सून हसली. मुलगा भिंतीकडं तोंड करून हसला. मी दाराकडं बघितलं नाही. पाळणा जमिनीवर टेकल्याचा आवाज आला आणि मग जिन्यावर उतरत्या पावलांचा.

वरवंट्याला न्हाऊ घातलं, तीट लावली, कुंची घातली. माझ्या नातवाच्या आधी पाळण्यात तोच गेला. ग्रॅनाइट खिडकीत राहिला, सोहळाभर. मी जिंकले होते. बायका पाळणा म्हणत होत्या, मी दोरी हलवत होते, आणि मला सारखं केबिनचं ते दार दिसत होतं. उद्या सकाळी कुठलं कारण घेऊन जायचं? कारण नव्हतंच. माझं कारण पाळण्यात कुंची घालून झोपलं होतं.

पंगत उठल्यावर मी एक ताट वाढलं, वर झाकण घातलं आणि खाली गेले. तो फाळका लावून दोरीला पीळ देत होता. मी ताट बॉनेटवर ठेवलं. माफी मागायला आले होते, पण साठ वर्षांत ती सवय लागली नव्हती.

"मसालेभात आहे," मी म्हणाले. "त्याच तांदळाचा."

त्यानं झाकण उचलून बघितलं, पुन्हा ठेवलं. हात पुसले. मिशीवरून बोट फिरवलं. माझ्याकडं अगदी कडक चेहऱ्यानं बघितलं. मग म्हणाला,

"चोर कोन ते आता सगळ्या बोईसरला कळला, बाय. तवा तुमच्यावर माजा भरवसा काय राह्यला नाय. उद्यापासून नजर मी ठेवनार तुमच्यावर. सकाळी येऊन गाडीत बसा, डोळ्यांसमोर."